वीलॉनीचे जंगल आणि अटलांटाचे पोलीस केंद्र

अमेरिकेतील अटलांटा शहराच्या आग्नेयेला साउथ रिव्हर ही नदी आणि तिला मिळणारा इंट्रेंचमेंट क्रीक हा ओढा वाहतो. त्यांच्या काठच्या जंगलातील मोठा तुकडा अटलांटा शहराच्या मालकीचा आहे, पण तो शहराच्या हद्दीबाहेर, डीकॅल्ब काउंटीत येतो. लगतच्या वस्त्यांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबे राहतात. या जमिनीचे काय करायचे ते अटलांटाची नगर परिषद ठरवते आणि त्या परिषदेच्या निवडणुकीत या कुटुंबांना मत नाही. २०२१ पासून पोलीस प्रशिक्षण केंद्रावरून येथे जो संघर्ष झाला, त्याची मुळे या व्यवस्थेत आणि जमिनीच्या जुन्या इतिहासात आहेत.

ही भूमी मूळची मस्कोगी लोकांची. नदीचे वीलॉनी हे नाव त्यांच्या भाषेतले. जानेवारी १८२१ मधील इंडियन स्प्रिंग्जच्या तहाने हा मुलूख जॉर्जिया राज्याकडे गेला. राज्याने त्याचे २०२.५ एकरांचे तुकडे पाडले आणि सोडत काढून गोऱ्या रहिवाशांना वाटले. १८३० च्या दशकात पूर्वेकडे उरलेल्या मस्कोगींना सैन्याच्या पहाऱ्यात आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलण्यात आले. त्यांच्या जमिनीवर मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांत गुलाम कृष्णवर्णीय राबले.

त्यानंतरचा अध्याय तुरुंग-शेतीचा. १९२० च्या दशकापासून १९९० च्या सुमारापर्यंत अटलांटा शहराने येथे कैद्यांकडून शेती करवून घेतली. दारू पिऊन रस्त्यात सापडणे यासारख्या किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे येथे धाडली जात. ती गायी दोहत, जनावरे राखत, भाजीपाला पिकवत. या फुकटच्या श्रमांवर शहराच्या तुरुंगांचा अन्नखर्च भागे. केंद्र सरकारच्या तुरुंगाची शेती वेगळी होती, तरी दोन्हींची अनेक वर्षे गल्लत होत राहिली आणि शहराच्या स्वतःच्या जबाबदारीवर पडदा पडला. शेती बंद पडल्यावर इमारती ढासळल्या, पडीक रानात पाइन आणि इतर झाडे वाढली. पाडलेल्या जुन्या कार्नेगी ग्रंथालयाचे कोरीव दगडही शहराने येथेच आणून टाकले होते. पोलिसांचा गोळीबार-सरावही याच परिसरात चाले. पुढे केंद्राच्या समर्थकांनी या राडारोड्याकडे आणि परक्या वनस्पतींकडे बोट दाखवत हे खरे जंगलच नव्हे असा युक्तिवाद केला. तो टिकणारा नाही. पूर रोखणारी, उन्हाळा सुसह्य करणारी झाडे किती जुनी आहेत यावर त्यांचा उपयोग ठरत नाही.

शहरालाही हे मान्य होते. २०१७ मध्ये स्वीकारलेल्या विकास आराखड्यात या परिसराला शहराच्या फुप्फुसांपैकी एक मानले होते आणि सुमारे ३,५०० एकरांच्या हरित पट्ट्याची कल्पना पुढे आली होती. मग २०२० उजाडले. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड आणि जूनमध्ये अटलांटातच रेशार्ड ब्रुक्स पोलिसांच्या हातून मारले गेले. निदर्शने उसळली, पोलीस दलाचे मनोधैर्य खचल्याची चर्चा सुरू झाली. पुढच्याच वर्षी महापौर कीशा लान्स बॉटम्स यांनी नव्या प्रशिक्षण केंद्राचा प्रस्ताव मांडला. अटलांटा पोलीस फाउंडेशन या खासगी संस्थेला ३८१ एकर भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्यांपैकी ८५ एकरांवर बांधकाम करायचे, असा तो बेत होता. खर्च ९ कोटी डॉलर सांगण्यात आला; पैकी ३ कोटी सार्वजनिक तिजोरीतून यायचे होते. नागरिकांची सुमारे १७ तासांची ध्वनिमुद्रित मते ऐकून झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये परिषदेने १० विरुद्ध ४ मतांनी मंजुरी दिली. नागरिकांच्या त्या मतांतला मोठा भाग विरोधाचा होता.

विरोधकांनी प्रकल्पाला ‘कॉप सिटी’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. पर्यावरणवादी, पोलिसी अत्याचारांविरुद्ध लढणारे आणि स्थानिक रहिवासी एकत्र आले. ओक्लाहोमाहून मस्कोगी मंडळी पूर्वजांच्या भूमीवर येऊन नाचली. काहींनी झाडांवर मचाणे बांधून मुक्काम ठोकला. डिसेंबर २०२२ पासून आंदोलकांवर देशांतर्गत दहशतवादाचे आरोप ठेवले जाऊ लागले. १८ जानेवारी २०२३ रोजी तळ हटवण्याच्या कारवाईत ‘तोर्तुगिता’ या नावाने ओळखले जाणारे २६ वर्षांचे मॅन्युएल तेरान पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. एक पोलीसही जखमी झाला. तेरान यांनी आधी गोळी झाडली, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. काउंटीच्या शवविच्छेदनात शरीरावर गोळ्यांच्या ५७ जखमा आढळल्या, हातांवर बारुदाचे अवशेष आढळले नाहीत. कोणत्याही पोलिसावर खटला भरला गेला नाही. मार्चमध्ये आंदोलकांच्या एका गटाने बांधकामावरील यंत्रे जाळली आणि सरकारची पकड आणखी आवळली गेली.

जून २०२३ मध्ये वाढीव सार्वजनिक निधी मंजूर झाल्यावर लढा सार्वमताच्या मागणीकडे वळला. सह्या गोळा करण्याचा हक्क फक्त अटलांटाच्या रहिवाशांना, असा नियम होता. डीकॅल्बच्या शेजाऱ्यांनी न्यायालयात जाऊन तो उठवून घेतला, पण अपील न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. सुमारे ५८,००० सह्यांची गरज असताना सप्टेंबरमध्ये १,१६,००० सह्या सादर झाल्या. शहराने कायदेशीर मुदतीचा मुद्दा काढून त्यांची पडताळणीच सुरू केली नाही. मतदान कधीच झाले नाही. त्याच सुमारास राज्याच्या महाधिवक्त्यांनी ६१ जणांवर संघटित गुन्हेगारीच्या ‘रीको’ कायद्याखाली आरोप ठेवले. महाराष्ट्रातील मकोकाच्या जातीच्या या कायद्याखाली पत्रके वाटणे आणि जामिनासाठी पैसे जमवणे हेही कटाचे पुरावे ठरवले गेले.

केंद्राचे उद्घाटन एप्रिल २०२५ मध्ये झाले. खर्च तोवर ११ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. महाधिवक्त्यांनी गव्हर्नरची आवश्यक परवानगीच घेतली नव्हती, या कारणावरून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी ‘रीको’चे आरोप रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.