सम्राट बार्बारोसा नदीत बुडाला नसता तर?

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे आपण नेहमी ऐकतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते ते खरेही आहे. परंतु एखाद्या घटनेचे वजन किती, हे जोखायचे असेल तर ती घडलीच नसती अशी कल्पना करून पाहावी लागते.

२ ऑक्टोबर ११८७ रोजी सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी जेरुसलेम, म्हणजे बैतुल मुकद्दस, परत मिळवले. त्यामुळे युरोपात तिसऱ्या क्रूसयुद्धाची हाक दिली गेली. मोठ्या राजांपैकी सर्वांत आधी निघाला तो जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक. तांबड्या दाढीमुळे त्याला ‘बार्बारोसा’ म्हणत. मे ११८९ मध्ये तो निघाला, तेव्हा त्याचे वय सत्तरीकडे झुकले होते. जुन्या बखरकारांनी त्याची फौज लाखाची केली. आजचे अभ्यासक ती १२ ते १५ हजारांच्या आसपास मानतात. तरीही त्या काळी ती जबरदस्तच. मे ११९० मध्ये तिने सेल्जुकांची राजधानी कोन्या जिंकली. त्या वेळी तेथील वृद्ध सुलतान किलिज अर्सलान यांनी राज्य मुलांत वाटून दिले होते आणि घरात दुही होती, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १० जून ११९० रोजी सालेफ नदीत सम्राट बुडून मेला. फौज फुटली. काही घरी परतले, काही अँटिऑकला रोगराईत मेले. इतिहासकार इब्नुल असीर यांनी या मृत्यूत अल्लाहची कृपा पाहिली. श्रद्धेचा भाग म्हणून ते योग्यच. मात्र आपले वक्ते तेथेच थांबतात आणि सुलतानांचे कष्ट सांगायचे राहून जातात.

सुलतान चमत्काराची वाट पाहत बसले नव्हते. त्यांनी बहाउद्दीन इब्न शद्दाद यांना मोसुलच्या अमिराकडे व बगदादच्या खलिफांकडे मदतीसाठी धाडले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरील कित्येक शहरांचे तट स्वतःच पाडायला लावले. अक्का शहराला वेढा घालणाऱ्या क्रूसवीरांसमोर त्यांची छावणी होती. तेथील पथके त्यांनी उत्तरेकडे पाठवली. छावणी दुबळी झालेली पाहून २५ जुलै ११९० रोजी शत्रूने हल्ला चढवला. सुलतानांचे बंधू अल-आदिल यांनी तो मोडून काढला. तोवर सम्राटाला मरून दीड महिना झाला होता! मेलेल्या सम्राटाच्या भीतीने एवढे सैन्य हलले, तर जिवंत सम्राटाने काय केले असते?

माझ्या मते अक्का १२ जुलै ११९१ च्या बरेच आधी पडले असते. उत्तरेकडील लाताकियासारखी, ११८८ मध्ये जिंकलेली ठाणीही धोक्यात आली असती. बैतुल मुकद्दस मात्र वेगळे. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये दोनदा त्याच्या जवळ पोहोचूनही परत फिरला. शहर घेतले, तरी सैनिक मायदेशी गेल्यावर ते राखणार कोण, हा पेच होता. सम्राटापुढेही तोच उभा राहिला असता.

आणि शेवटी ते शहर गेले कसे? १२२९ मध्ये याच बार्बारोसाचा नातू, दुसरा फ्रेडरिक, याला ते लढाईशिवाय, तहाने मिळाले. देणारे होते अल-आदिल यांचे पुत्र, म्हणजे सलाहुद्दीन यांचे पुतणे, सुलतान अल-कामिल. त्या वेळी दमास्कसच्या गादीवरून अय्यूबी भाऊबंदांत तंटा चालू होता.