दुवा वाचण्यासाठी होता, कामाला कसा लागला?

आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे ती तुमच्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसच्या मेलमध्ये येत असणार. निळ्या अक्षरांत एक ओळ असते: 'रजेचा अर्ज सुरू करा', 'बिल मंजूर करा'. ती दाबली की पलीकडे वर्कफ्लो सुरू होतो आणि फाइल पुढच्या टेबलावर जाते. कधीकधी मात्र दाबूनही काही होत नाही. आणि कधी कोणी न दाबताच मंजुरी पडते! या दोन्ही तक्रारींचं मूळ मला एकाच जागी दिसतं.

वर्कफ्लो ही कल्पना वेबपेक्षा जुनी. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात स्किप एलिस आणि त्यांचे सहकारी ऑफिसटॉक नावाच्या प्रणालीवर काम करत होते. मायकेल झिसमन यांचा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रबंध १९७७ चा. आपल्या कचेरीतली आवक-जावक नोंदवही आठवा, म्हणजे या लोकांच्या डोक्यात काय होतं ते कळेल. कागद कुठून आला, कोणाकडे गेला, शेरा कोणाचा, सही कोणाची. सुरुवात करणारा माणूस ठाऊक असायचा, हे त्यात गृहीतच होतं.

दुव्याचा जन्म वेगळ्या घरातला. सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जो पहिला एचटीटीपी लिहिला, त्यात हुकूम एकच होता: गेट. मला हे पान दे, बस्स. काही बदलायचं असेल, पाठवायचं असेल, तर त्यासाठी पोस्ट नावाचा हुकूम नंतर आला. १९९९ च्या आरएफसी २६१६ या दस्तऐवजात नियम स्पष्ट लिहिला आहे की गेटनं वाचण्यापलीकडे काही घडू नये. पुढे त्यात एक वाक्य येतं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा: गेटमुळे काही घडलंच, तर ते वापरणाऱ्यानं मागितलेलं नव्हतं, म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. वकिलानं लिहावं तसं वाक्य आहे, पण लिहिलंय इंजिनिअरांनी.

आता अडचण बघा. साधा दुवा दाबला की ब्राउझर गेटच पाठवतो. पोस्टसाठी फॉर्म लागतो, बटण लागतं. दुवा सोपा आणि मेलमध्ये कुठेही बसतो. म्हणून लोकांनी 'काढून टाका', 'मंजूर', 'सुरू करा' हे सगळं दुव्यांवरच टांगलं.

मे २००५ मध्ये त्याचा हिशोब आला. गूगलनं वेब ॲक्सिलरेटर नावाचं एक साधन आणलं. तुम्ही पान वाचत असता तेव्हा त्यातले दुवे ते आधीच उघडून ठेवायचं, पुढचं पान पटकन दिसावं म्हणून. थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीचं बॅकपॅक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. तिथे लोकांची पानं नाहीशी व्हायला लागली. 'काढून टाका' हाही दुवाच होता ना! 'नक्की काढायचं का?' हा प्रश्न जावास्क्रिप्ट विचारायची, पण दुवा थेट उघडणाऱ्या यंत्राला तो दिसतच नव्हता. लॉगिन माणसाचंच असल्यामुळे सर्व्हरला वाटलं, मालकानंच सांगितलं. चूक कोणाची यावर तेव्हा बरीच भांडणं झाली. माझ्या मते नियम सहा वर्षं लिहून ठेवलेला होता, त्यामुळे दोष दुवे लिहिणाऱ्यांकडे जास्त जातो.

मेलमधल्या मंजुरीत हेच थोडं वेगळ्या रूपात घडतं. साहेबांना लॉगिनचा त्रास नको म्हणून दुव्यातच एक गुप्त किल्ली घालतात. ज्याच्या हाती दुवा, तो साहेब. पुढे मेल तपासणारी सुरक्षायंत्रं आली. आलेल्या मेलमधला दुवा घातक आहे का, हे बघायला ती तो स्वतः उघडतात. नोंदीत मात्र साहेबांचं नाव पडतं, आणि साहेब त्या वेळी मीटिंगमध्ये असतात. अशी तक्रार आली तर आधी सर्व्हरच्या नोंदी काढा. मेल पोचल्यावर काही सेकंदांतच, अनोळखी पत्त्यावरून दुवा उघडलेला दिसला, तर माणसाला विचारत बसू नका.

आता न चालणारे दुवे. त्यांची कारणं किरकोळ, पण शोधताना जीव जातो. जुने मेल प्रोग्राम लांब ओळ तोडायचे आणि दुव्याचं शेपूट खालच्या ओळीत राहायचं. टायनीयूआरएल २००२ मध्ये निघालं ते असल्या लांब पत्त्यांना कंटाळूनच. दुसरं म्हणजे पत्त्यातला हॅश चिन्हानंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. मध्ये लॉगिनचं पान आलं की तो बऱ्याचदा गळतो, आणि माणूस मुखपृष्ठावर येऊन पडतो. तिसरं, सॅमल २.० हे २००५ चं मानक. एका लॉगिनवर सगळीकडे प्रवेश देणारं. 'याला कुठे जायचं होतं' ते लक्षात ठेवायला त्यात रिलेस्टेट नावाची जागा आहे. तिची मर्यादा ८० बाइट! बरेच जण ती पाळत नाहीत, पण जिथे पाळली जाते तिथे लांब पत्ता मावत नाही.

आणि आपल्यासाठी खास अडचण. पत्त्यात देवनागरी घातली की युनिकोडच्या एकेका चिन्हाची नऊ चिन्हं होतात, काना आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. 'रजा अर्ज' एवढंच लिहा: सात चिन्हांची त्रेसष्ट, मधल्या मोकळ्या जागेची तीन, झाली सहासष्ट. सर्व्हरचं नाव अजून यायचंय. म्हणून प्रक्रियेचं नाव पडद्यावर मराठीत ठेवा, पत्त्यात छोटा क्रमांक द्या.

उघडल्याबरोबर काम करणाऱ्या दुव्यावर उपाय जुनाच आहे. दुव्यानं फक्त पान उघडावं. त्या पानावर बटण असावं आणि ते पोस्टनं जावं. जाहिरातीचे मेल बंद करायच्या 'एका टिचकीत' सोयीसाठी जानेवारी २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ निघाला. त्यातही पोस्टच सक्तीचा केला, कारण तपासणी यंत्रं दुवे उघडून लोकांची नावं यादीतून परस्पर काढून टाकत होती.

बरं, कोणाकडे स्वतःच्या ऑफिसातला असा अडकलेला दुवा असेल तर आता विचारा. पत्ता पूर्ण वाचून दाखवू नका, किल्ली त्यातच असते.