हिब्रू अक्षरांचे स्वर

देवनागरींत ‘क’ लिहिला कीं त्यांत ‘अ’ आपोआप येतो. प्राचीन हिब्रू लिपींत तसें नव्हतें. तिचीं २२ अक्षरें व्यंजनेंच. त्यांतील दोनतीन अक्षरें अधूनमधून दीर्घ स्वराचें काम करीत, पण तेवढ्यानें भागत नसे. द, ब, र हीं अक्षरें ‘दाबार’ अशीं वाचलीं तर अर्थ ‘शब्द’, ‘देबेर’ अशीं वाचलीं तर ‘महामारी’! भाषा घरोघर बोलली जात होती तोंवर ठीक होतें. इ. स. २०० च्या सुमारास ती नित्याच्या बोलण्यांतून गेली, आणि धर्मग्रंथांचे उच्चार केवळ मुखपरंपरेवर तगून राहिले.

गॅलिली सरोवराकाठच्या तिबेरियास नगरांतील पंडितांनीं पुढें त्यावर तोड काढली. मूळ अक्षरांत फेरफार निषिद्ध. म्हणून त्यांच्या खालीं-वर टिंबें व रेघा देऊन त्यांनीं स्वर नोंदले. आहरोन बेन आशेर यानें ९३० च्या सुमारास अशा खुणा केलेली पोथी अलेप्पो येथें होती. १९४७ च्या तेथील दंगलीनंतर तिचीं पुष्कळ पानें बेपत्ता झालीं.

एक शब्द मात्र या पंडितांनीं जाणूनबुजून झांकला, आणि तो ईश्वराचें नाम! तें चार अक्षरी नाम उच्चारावयाचें नाहीं, त्या जागीं ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभु’, म्हणावयाचें, असा दंडक होता. म्हणून त्या अक्षरांस ‘अदोनाय’चे स्वर जोडले गेले. युरोपांतील ख्रिस्ती पंडितांनीं दोन्ही एकत्र वाचून ‘जेहोवा’ हा नवाच शब्द घडविला. मूळ उच्चार आतां तर्कानेंच सांगावा लागतो.