खांदेरीचे दीपगृह

अलिबागजवळच्या थळ गावासमोर भर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे आहेत. त्यांपैकी खांदेरीवरील अष्टकोनी दीपगृह १८६७ पासून मुंबई बंदराकडे जाणाऱ्या जहाजांना दिशा दाखवीत आहे. सुमारे २५ मीटर उंचीचा हा मनोरा बेटावरील टेकडीवर असल्याने त्याचा प्रकाश दूरवर दिसतो.

बेटाचे महत्त्व मात्र दीपगृहाहून जुने आहे. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील तोंडावर नजर ठेवता येईल, असे हे ठिकाण. हे ओळखून छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे दुर्ग बांधण्याचे काम सुरू केले. इंग्रजांना त्यातला धोका लगेच कळला. त्यांनी आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी बेट सोडले नाही. रसद घेऊन लहान होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजी जहाजांना चुकवून येत राहिल्या आणि तट उभा राहिला. सिद्दीने मग शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

मराठेशाहीच्या अस्तानंतर बेट ब्रिटिशांकडे गेले. मुंबईचा व्यापार वाढू लागला, तसा बंदराच्या वाटेवरील खडकांचा धोकाही जाणवू लागला. ज्या उंचीवरून इंग्रजी जहाजांवर पाळत ठेवली जाई, तेथेच त्या जहाजांच्या सुरक्षिततेसाठी दिवा लागला.

दीपगृहाचे तत्त्व सोपे आहे. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे विखुरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात काचेच्या वर्तुळाकार कड्यांचे भिंग तयार केले. त्यामुळे विखुरणारे किरण एकत्र येऊन त्यांचा प्रखर झोत होतो. भिंग दिव्याभोवती फिरत राहिल्याने दूरच्या खलाशाला ठरावीक अंतराने लखलखाट दिसतो. प्रत्येक दीपगृहाच्या लखलखाटांची संख्या आणि त्यांमधील काळ नकाशात नोंदलेला असतो. त्यावरून आपण कोठे आहोत, हे खलाशाला समजते. दिवसा हीच ओळख मनोऱ्याच्या आकारावरून आणि रंगावरून पटते. विजेपूर्वीच्या काळात तेलाचे दिवे पेटते ठेवणे आणि भिंग फिरवणाऱ्या यंत्राला किल्ली देणे, ही रखवालदारांची रात्रभराची जबाबदारी असे.

या दीपगृहाची व्यवस्था मुंबई बंदराकडे आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. येथे कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे. गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आणि दगडाने ठोकल्यास धातूसारखा नाद देणारा खडक पाहण्यासाठीही पर्यटक येतात. नौदलाच्या दोन पाणबुड्यांना ‘खांदेरी’ हे नाव मिळाले. दुसरी २०१९ मध्ये सेवेत दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश आहे.

उपग्रहांच्या मदतीने जहाजाचे स्थान क्षणात कळण्याच्या या काळात दीपगृहाची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. पण जहाजावरील उपकरण ऐनवेळी बंद पडू शकते. शिवाय किनाऱ्यावरच्या प्रत्येक लहान होडीत ते असतेच असे नाही. अशा वेळी अंधारात डोळ्यांना दिसणारा दिवा हाच भरवशाचा ठरतो.