अंगावरचे दूध कमी होणे: कारणे, लक्षणे आणि उपाय

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मातेला सर्वाधिक छळणारी शंका म्हणजे आपले दूध बाळाला पुरत नाही, ही होय. बाळ वारंवार रडू लागले किंवा पाजल्यानंतर तासाभरातच पुन्हा दूध मागू लागले, की "हिचे दूध आटले" असा निष्कर्ष घरात काढला जातो आणि वरच्या दुधाचा डबा आणला जातो. पोट वरच्या दुधाने भरलेले बाळ अंगावर कमी पिते, कमी पिण्यामुळे दूध कमी तयार होते आणि सुरुवातीला निराधार असलेली भीती काही दिवसांतच खरी ठरते. हे दुष्टचक्र वेळीच ओळखणे महत्त्वाचे आहे. बहुतेक मातांना बाळाच्या गरजेपुरते दूध येते आणि खरोखर कमी झालेले दूधही योग्य उपायांनी बहुधा पुन्हा वाढवता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकांना केवळ आईचे दूध दिले जात होते. २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. मात्र जन्मानंतर तासाभराच्या आत स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण पाचव्या फेरीतही ४१.८ टक्केच होते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

दूध तयार होण्याची प्रक्रिया

बाळ स्तन चोखू लागले की मातेच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे ते दुग्धनलिकांतून बाहेर येते. यालाच आपल्याकडे पान्हा फुटणे म्हणतात. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणून रात्रीचे पाजणे दूध टिकवण्यासाठी विशेष उपयुक्त ठरते. वेदना, चिंता आणि अतिश्रम यांमुळे ऑक्सिटोसिनचा स्राव काही काळ मंदावतो. अशा वेळी दूध असूनही पान्हा सहज फुटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांनंतर दुधाचे प्रमाण मुख्यतः मागणीवर ठरू लागते. स्तनात दूध साचून राहिले तर निर्मिती मंदावते आणि स्तन रिकामा झाला की ती वाढते. त्यामुळे "दूध साठू दे, मग पाजू" हा विचार चुकीचा आहे. पाजण्यातील अंतर वाढवले तर दूध वाढत नाही, उलट कमी होते.

शंका आणि वस्तुस्थिती

स्तन मऊ लागणे, दूध आपोआप न गळणे किंवा हाताने पिळून थोडेच दूध निघणे ही दूध कमी असल्याची लक्षणे नव्हेत. प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळते आणि सुरुवातीचा जडपणा ओसरतो. दोन ते तीन आठवड्यांचे, सहा आठवड्यांचे आणि तीन महिन्यांचे असताना अनेक बाळे काही दिवस नेहमीपेक्षा अधिक वेळा दूध मागतात. वाढीच्या या काळात मागेल तितक्या वेळा पाजले की दोन-तीन दिवसांत दुधाचे प्रमाण वाढत्या गरजेशी जुळते.

दूध पुरते की नाही हे बाळाच्या लघवीवरून आणि वजनावरून ओळखावे. पहिल्या आठवड्यानंतर, केवळ आईचे दूध पिणाऱ्या बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी करणे अपेक्षित असते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडे घटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांपर्यंत ते जन्मवेळेइतके व्हावे आणि त्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत दरमहा किमान अर्धा किलोने वाढावे. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात वजन करून त्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर ठेवल्यास शेजारपाजारच्या अंदाजांवर विसंबण्याची वेळ येत नाही.

दूध खरोखर कमी होण्याची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे पाजण्याच्या वेळा कमी होणे. घड्याळ लावून पाजणे, रात्री न पाजणे, चोखणी देणे तसेच पाणी, मध, गुटी किंवा वरचे दूध देणे यांमुळे बाळाची भूक परस्पर भागते. सहा महिन्यांखालील बाळाला कडक उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधाचा सुमारे ८८ टक्के भाग पाणीच असतो. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध मुळीच देऊ नये.

दुसरे कारण म्हणजे स्तन तोंडात नीट न धरणे. बाळाने केवळ बोंडी चोखली तर मातेला वेदना होतात, बोंडीला चिरा पडतात आणि दूधही पुरेसे बाहेर येत नाही. बाळाची जीभ खाली घट्ट चिकटलेली असल्यासही ही अडचण येते.

काही कारणे मातेच्या प्रकृतीशी निगडित असतात. थायरॉइडचे विकार, प्रसूतीत झालेला अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, तीव्र रक्तक्षय, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया आणि पुन्हा गर्भधारणा होणे यांमुळे दूध घटू शकते. इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या आणि स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून कोणतेही औषध घेण्यापूर्वी आपण बाळाला अंगावर पाजत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तांबी किंवा इस्ट्रोजेनविरहित साधनांचा पर्याय उपलब्ध असतो.

दूध वाढवण्याचे उपाय

पहिला उपाय म्हणजे अधिक वेळा पाजणे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, त्यात रात्री किमान दोनदा, पाजावे. एका बाजूचे दूध बाळाने पुरते पिऊन झाल्यावर दुसरी बाजू द्यावी. रडण्याची वाट पाहू नये. तोंड उघडून मान वळवणे आणि मूठ चोखणे ही भुकेची आधीची चिन्हे होत.

पाजताना बाळाचे डोके आणि शरीर एका रेषेत असावे व पोट मातेच्या पोटाला टेकलेले असावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. बोंडीभोवतालचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात असावा. गिळण्याचा आवाज येणे ही चांगली खूण आहे.

बाळाला केवळ लंगोट घालून मातेच्या उघड्या छातीशी दिवसातून काही वेळ धरल्यास ऑक्सिटोसिनचा स्राव वाढतो आणि बाळही अधिक वेळा चोखू लागते. पाजण्यापूर्वी कोमट पाण्याने शेकणे आणि मानेपासून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना हलके चोळणे यांमुळे पान्हा फुटण्यास मदत होते. हे काम घरातील कोणीही करू शकते. आठ-दहा दिवस मातेला स्वयंपाक, धुणी आणि पाहुणचार यांतून मोकळे ठेवणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

बाळ पुरेसे चोखत नसल्यास पाजल्यानंतर हाताने दूध काढावे. हात स्वच्छ धुऊन अंगठा काळ्या भागाच्या वर आणि तर्जनी खाली ठेवावी, छातीच्या दिशेने किंचित दाबावे आणि मग दोन्ही बोटे एकमेकींकडे दाबून सोडावीत. त्वचेवर बोटे घासू नयेत. बोटांची जागा बदलत दोन्ही बाजूंचे दूध काढण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. बाळ अंगावर मुळीच पीत नसेल तर चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसह, दूध काढणे आवश्यक असते. पहिल्या दिवशी काही थेंबच निघाले तरी धीर सोडू नये. वाढ दिसून येण्यास काही दिवस, तर कधी काही आठवडे लागतात.

आहार आणि पारंपरिक पदार्थ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० मधील शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत दररोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. एक-दोन भाकऱ्या, डाळ, दूध किंवा दही, शेंगदाणे व पालेभाजी यांतून ही गरज सहज भागते. तहान लागेल तितके पाणी प्यावे. गरजेपेक्षा अधिक पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी घेण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे आणि ती आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

हळिवाचे व डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशोपा हे पदार्थ महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला दिले जातात. आयुर्वेदात शतावरीचा उल्लेख आहे. या पदार्थांनी दूध निश्चित वाढते असे सिद्ध करणारा पुरावा अपुरा आहे. तथापि हळीव, डिंक, तूप आणि गूळ यांतून ऊर्जा मिळते, हळिवातून लोहही मिळते आणि आहार म्हणून त्यांचे मोल आहेच. मेथी मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तातील साखर कमी होऊ शकते. मधुमेह असलेल्या मातांनी याबाबत सावध राहावे. पथ्याच्या नावाखाली डाळी, फळे किंवा भाज्या बंद करणे मात्र हानिकारक आहे.

मेटोक्लोप्रमाइड व डॉम्पेरिडोन ही औषधे काही वेळा दूध वाढवण्यासाठी दिली जातात. पहिल्याने मनाला नैराश्य येऊ शकते, तर दुसऱ्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ती दुकानातून परस्पर घेऊ नयेत. वारंवार दूध काढले जात नसेल तर कोणत्याही औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

वरचे दूध द्यावे लागल्यास

बाळाचे वजन घटत असल्यास पूरक दूध देणे आवश्यक ठरते. त्यात मातेने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. प्रथम स्वतःचे काढलेले दूध, ते शक्य नसल्यास दुग्धपेढीतील निर्जंतुक केलेले दूध आणि त्यानंतर डॉक्टरांनी सुचवलेली दूध पावडर असा क्रम असावा. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली.

पूरक दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. तमिळनाडूत यासाठी पालाडै वापरतात. पावडर डब्यावरील प्रमाणातच मिसळावी. काटकसरीसाठी ती पातळ केल्यास बाळाचे कुपोषण होते. एक वर्षाखालील बाळाला गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. आईचे दूध वाढू लागले की वजनावर लक्ष ठेवून पूरक दूध टप्प्याटप्प्याने कमी करावे, ते एकदम बंद करू नये. अर्भकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये हा कायदा अधिक कडक करण्यात आला.

नोकरी करणाऱ्या माता

कामावर परतल्यानंतर दूध घटणे ही सामान्य अडचण आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विरामही मिळतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या तरतुदी समाविष्ट आहेत. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य महिलांना मात्र अशी रजा मिळत नाही. त्यांनी कामावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर लगेच पाजावे आणि मधल्या वेळेत दर तीन तासांनी दूध काढावे. झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ते २५ अंश सेल्सिअसपर्यंत सुमारे चार तास टिकते. उन्हाळ्यात ते त्याहून लवकर वापरावे. असे दूध थेट गॅसवर गरम न करता कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून द्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

बाळ सुस्त पडणे, पाजण्यासाठी जागे न होणे, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा किंवा गडद लघवी होणे, टाळू खोल जाणे, ताप येणे, कावीळ वाढणे किंवा वजन दोन आठवड्यांतही जन्मवेळेइतके न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न करता बाळाला रुग्णालयात न्यावे. मातेच्या स्तनावर लाल, दुखरी गाठ येऊन ताप आल्यास तिनेही उपचार घ्यावेत. अशा स्थितीत पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

सतत रडू येणे, झोप उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा जगणे नकोसे होणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य साहाय्य मिळते. स्तनपानाविषयी मार्गदर्शनासाठी आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा जवळचे आरोग्य केंद्र येथे संपर्क साधावा. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'मा' कार्यक्रमात आशा कार्यकर्त्यांवर हीच जबाबदारी सोपवण्यात आली आहे.

सर्व प्रयत्न करूनही काही मातांचे दूध पूर्ण प्रमाणात येत नाही. अशा वेळी जितके येते तितके पाजत राहावे, कारण थोड्या दुधातूनही बाळाला रोगप्रतिकारक घटक मिळतात. उरलेली गरज सुरक्षित पूरक दुधाने भागवता येते. मातेला दोष न देता तिला विसावा, पोटभर अन्न आणि धीर देणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.