व्हॉट्स गोइंग ऑन

अमेरिकन गायक मार्विन गे याचा सोल संगीतातील अल्बम. २१ मे १९७१ रोजी मोटाउन या संगीत कंपनीच्या टॅमला लेबलने तो प्रकाशित केला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या नजरेतून दिसणारी अमेरिका, तिथली बेकारी, अमली पदार्थ आणि प्रदूषण हे त्याचे विषय. गाणी मात्र एकमेकांत मिसळत अखंड वाहतात. मार्विनचा भाऊ फ्रँकी स्वतः त्या युद्धात होता.

मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना शीर्षकगीत मुळीच रुचले नव्हते. तरीही जानेवारी १९७१ मध्ये हे गीत बाजारात आले आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले! अल्बममधील तीन गाणी पहिल्या दहांत गेली, अल्बम सहाव्या स्थानापर्यंत चढला.

त्याचे खरे मोठेपण वादनातही आहे. जेम्स जेमरसनचे बास गिटार इथे जणू दुसरा गायकच. मोटाउनच्या स्टुडिओत वर्षानुवर्षे अनामिक राबलेल्या ‘फंक ब्रदर्स’ वादकांची नावे या अल्बमच्या वेष्टनावर छापली गेली. हा न्याय फार उशिरा झाला.

‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत २००३ साली तो सहावा होता, २०२० साली पहिला.