अन्नपूर्णा पर्वतरांग

अन्नपूर्णा पर्वतरांग ही मध्य नेपाळमधील हिमालयाची एक उपरांग आहे. अन्नपूर्णा-१ (८,०९१ मी.) हे तिचे सर्वोच्च शिखर असून उंचीनुसार ते जगात दहावे आहे. आठ हजार मीटरहून उंच अशा चौदा शिखरांपैकी मानवाने सर्वप्रथम सर केलेले शिखर हेच; मात्र त्या चौदांमध्ये ते दीर्घकाळ सर्वाधिक प्राणघातकही मानले गेले.

भूगोल

सुमारे ५५ कि.मी. लांबीच्या या रांगेच्या पश्चिमेस काली गंडकी नदीची खोल घळई, उत्तरेस व पूर्वेस मर्स्यांगदी नदी आणि दक्षिणेस पोखरा खोरे आहे. काली गंडकीच्या पलीकडे धवलगिरी (८,१६७ मी.) उभा आहे. या नदीच्या पात्रात सापडणारे शाळिग्राम हे प्राचीन समुद्रातील अमोनाइट प्राण्यांचे जीवाश्म होत. आजच्या हिमशिखरांच्या जागी एके काळी सागर होता, याची ती साक्ष आहे. अन्नपूर्णा-२ (७,९३७ मी.), अन्नपूर्णा-३ (७,५५५ मी.) व गंगापूर्णा (७,४५५ मी.) ही इतर प्रमुख शिखरे होत.

मोसमी वारे दक्षिण उतारावर अडतात. त्यामुळे लुमले येथे वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर रांगेमागील मनांग व मुस्तांग हे पर्जन्यछायेतील कोरडे प्रदेश आहेत.

गिर्यारोहणाचा इतिहास

१९५० साली मॉरिस एर्झॉग यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच पथकाला धवलगिरी किंवा अन्नपूर्णा यांपैकी एक शिखर निवडायचे होते. उपलब्ध नकाशे इतके सदोष होते की अन्नपूर्णेच्या पायथ्याकडे जाणारी वाट शोधण्यातच कित्येक आठवडे गेले. मोसमी पाऊस तोंडावर आला असताना ३ जून रोजी एर्झॉग व लुई लाशनाल कृत्रिम प्राणवायूविना माथ्यावर पोहोचले. शेर्पांचे सरदार आंग थार्के यांनाही शिखरावर येण्याविषयी विचारण्यात आले होते. पाय गारठू लागल्याने त्यांनी नकार दिला. यशाची किंमत जबर होती. हिमदंशामुळे दोघांनाही पायाची सर्व बोटे गमवावी लागली, शिवाय एर्झॉग यांच्या हाताची बहुतेक बोटेही गेली.

१९६१ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकाने अन्नपूर्णा-३ प्रथमच सर केले. २७ मे १९७० रोजी क्रिस बॉनिंग्टन यांच्या पथकातील डॉन व्हिलन्स व डूगल हॅस्टन यांनी अन्नपूर्णा-१ च्या दक्षिण भिंतीवरून शिखर गाठले. उंच हिमालयातील उभ्या भिंती चढण्याचे पर्व येथून सुरू झाले, असे मानले जाते. याच मोहिमेच्या अखेरीस इयन क्लाफ हिमकडा कोसळून मृत्यू पावले. १९७८ मध्ये आर्लीन ब्लूम यांच्या महिला पथकातील दोघी दोन शेर्पांसह माथ्यावर पोहोचल्या. दुसऱ्या तुकडीतील दोघींचा मात्र अंत झाला. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी येर्झी कुकुच्का व आर्तुर हाइझर यांनी पहिली हिवाळी चढाई केली. एप्रिल २०२१ मध्ये साताऱ्याच्या प्रियांका मोहिते या अन्नपूर्णा-१ सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

धोके

उत्तरेकडील प्रचलित मार्गावर हिमस्खलनाचा धोका सतत असतो, आणि कौशल्याने तो पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणूनच येथील मृतांत अनातोली बुक्रेयेव (१९९७) यांच्यासारखे अत्यंत अनुभवी गिर्यारोहकही आहेत. धोका केवळ शिखरापुरता नाही: ऑक्टोबर २०१४ मधील हिमवादळात थोरोंग खिंडीच्या परिसरात व आसपास चाळीसहून अधिक जण दगावले, त्यांत पदभ्रमंतीस आलेले पर्यटक व स्थानिक लोकही होते.

माछापुछ्रे

६,९९३ मी. उंचीचे हे शिखर स्थानिक लोक पवित्र मानतात. १९५७ च्या ब्रिटिश मोहिमेतील दोघे माथ्याच्या अगदी जवळून परतले. त्यानंतर हे शिखर गिर्यारोहणास बंद करण्यात आले.